कातऱ्या पराचा मासा

“ही ती न्हाई,” आबाराव टीव्हीकडे बोट करून म्हणाले.

पडद्यावर निळंशार पाणी होतं. त्या पाण्यात एक पोरगी मोडक्या तराफ्याला लोंबकळत होती आणि तिच्या पायांखालून एक भला थोरला शार्क सावकाश निघाला होता. अशा वेळी बघणाऱ्याचा श्वास अडकतो. सुगंधाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, सून बेबीनंदा मेथीची जुडी हातात तशीच धरून थांबली होती, आणि नात शालू शार्कपेक्षा आजीच्या तोंडाकडेच जास्त बघत होती. एकटे आबाराव भिंतीला टेकून, बाजारातली जनावरं न्याहाळावीत तसे निवांत बसले होते.

“कोण ती न्हाई, आबा?” शालूनं विचारलं.

“मघा आल्ती ती ही न्हाई. तिच्या पाठीवरच्या पराला मागून कातरा व्हता. ही साबूत हाय. दुसरं जनावर हाय हे.”

सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पोरगी मरायला टेकलीय आणि यांना पर दिसतोय, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. शालू मात्र सावरून बसली. गेले काही दिवस ती ज्या भिंतीला डोकं आपटत होती, त्या भिंतीला एक बारीकशी चीर पडल्यासारखी तिला वाटली.

हा पिक्चर त्या घरात दुसऱ्यांदा लागला होता. त्या हिंदी चॅनलकडे मोजकेच पिक्चर असावेत, कारण एक संपला की फिरून तोच यायचा. तो पहिल्यांदा लागला तो दिवस मोठा आनंदाचा होता आणि संध्याकाळपर्यंत त्या आनंदाची पार वाट लागली होती. त्या सकाळी शालूचं नाव रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाच्या यादीत लागलं. बेबीनंदानं जवळच्या हसनाबादहून पेढे आणवले. वाडीतली साळूबाई म्हातारी येऊन तोंडभर आशीर्वाद देऊन गेली, मग मासे शिकायला कॉलेज कशाला लागतं, असं विचारून गेली. दुपारी टीव्ही लावला तर समोर समुद्र. शालूनं हौसेनं सगळ्यांना बोलावून बसवलं, मी जाणार तो समुद्र बघा म्हणून. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण सुरुवातीला पाटी आली, ‘सच्ची घटना पर आधारित’, आणि शहाण्या पोरीनं ती आजीला मोठ्यानं वाचून दाखवली.

पिक्चर संपला तेव्हा पेढ्याचा पुडा उघडा तसाच पडला होता. समुद्राचा अभ्यास करायला गेलेल्या पोरापोरींना शार्कनं एकेक करून खाल्लं होतं. त्यांच्या बोटीच्या पंख्यात शार्कचं पिल्लू कापलं गेलं, म्हणून पिल्लाची आई सूड घेत फिरत होती. शेवटी वाचली ती एकटी नायिका, तीही रक्तबंबाळ. सुगंधाबाई उठल्या, टीव्हीचं बटण त्यांनी भिंतीवरच बंद केलं आणि सांगितलं, “पोरगी कुठं जाणार न्हाई.”

त्या घरात सुगंधाबाईंचा शब्द म्हणजे शब्द. हा कारभार फार जुना होता. आबारावांकडे मेंढरं होती आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन रानोमाळ फिरायचे दिवस होते, तेव्हापासूनच दोघांची वाटणी ठरलेली होती. मेंढरांचं आबारावांनी बघायचं आणि बाकी दुनियेचं सुगंधाबाईंनी. कुठल्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, कुणाकडून ज्वारी घ्यायची, पोराला कुठल्या शाळेत अडकवायचं, मेंढरं विकून वाडीत घर कधी बांधायचं, सगळं त्यांनीच ठरवलं आणि ते बहुतेक चांगलंच ठरलं. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाला सवय नव्हती. मुलगा शिवशंकर जालन्याला एका लोखंडाच्या कारखान्यात होता. त्यानं फोनवर आई म्हणेल तसं, म्हणून हात झटकले. बेबीनंदाला पोरीनं जावं असं फार वाटत होतं, पण तिनं ते एकदा बोलून बघितलं आणि मग पुन्हा भाकऱ्यांकडे वळली.

सुगंधाबाई काही अडाण्यासारख्या हट्टाला पेटल्या नव्हत्या. त्यांनी चौकशी केली होती. माशांचं कॉलेज उदगीरलाही आहे, आपल्या मराठवाड्यात, असं त्यांना कळलं होतं. तिथली यादी अजून लागायची होती. मासे शिकायचे तर उदगीरला शीक, तिथं मासे आहेत आणि समुद्र नाही, असं त्यांचं म्हणणं. शालूनं हात जोडून सांगितलं की मला समुद्रच बघायचाय. तिला हे वेड शेजारच्या शेततळ्यावर लागलं होतं. काळ्या प्लास्टिकच्या कागदावर साठवलेल्या त्या पाण्यात शेजाऱ्यानं रोहू-कटला सोडले होते. शाळेतून आली की शालू काठावर पालथी पडून त्यांना पेंड घालायची आणि खाली ते काय करत असतील याचा विचार करत बसायची. आबाराव शेळ्या घेऊन तिथून जायचे तेव्हा तिचे प्रश्न सुरू व्हायचे. मासे झोपतात का, एकमेकांना ओळखतात का. आबारावांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण जनावराकडं इतकं टक लावून बघणारं माणूस त्यांना त्यांच्या घरात दुसरं दिसलं नव्हतं. मुलानं मेंढरांकडं कधी ढुंकून पाहिलं नाही. नातीनं माशांकडं का होईना, पाहिलं. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

रत्नागिरीला जाऊन प्रवेश पक्का करायची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. ती टळली की समुद्र गेला.

“आज्जी, पिक्चर खोटा असतो,” शालू त्या पहिल्या दुपारीच म्हणाली होती.

“तूच वाचलं ना, खरं हाय म्हणून? मंग खोटं कुठं हाय ते दाव. दाव, मंग बघते.”

सुगंधाबाई हे रागानं बोलून गेल्या, पण बोललेल्या शब्दाला त्या जागणाऱ्या होत्या. शालूला ते माहीत होतं, म्हणून आबारावांचं बोट टीव्हीकडे गेलं तेव्हा ती सावरून बसली.

आबारावांच्या नजरेविषयी इथं थोडं सांगायला हवं. त्यांनी जन्मात मेंढरं मोजली नाहीत. मोजली की दृष्ट लागते, असं त्यांच्या बापानं शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. एकदा जनावरांची गणती करायला सरकारी माणूस आला आणि मेंढ्या किती, म्हणून विचारू लागला. आबारावांनी शांतपणे सांगितलं, “हायेत तेवढ्या हायेत, साहेब.” तो बिचारा उन्हात उभा राहून स्वतःच मोजत बसला आणि मेंढ्या हलल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरू करू लागला. शेवटी सुगंधाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि कानात आकडा सांगून वाटेला लावलं. न मोजता आबारावांचं काही अडत नव्हतं. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरला की चुलीपाशी बसलेल्या सुगंधाबाई विचारायच्या, “आले का समदे?” आबाराव कळपावरून एक नजर फिरवायचे. आपल्याच घरातली माणसं असल्यासारखी ती तोंडं त्यांच्या ओळखीची होती. एखादं नसलं तर आकडा कमी आहे असं त्यांना वाटायचं नाही, थेट त्या मेंढीचं तोंडच आठवायचं. सगळी असली की ते म्हणायचे, “आले.” आता कळप गेला होता आणि दारात चार शेळ्या राहिल्या होत्या, तरी प्रश्न आणि उत्तर रोज संध्याकाळी होतच होतं.

अशा माणसासमोर कुणी वेगवेगळे शार्क आणून तो एकच आहे म्हणून सांगितलं, तर ते चालायचं कसं?

आठवड्याच्या मधेच पिक्चर पुन्हा लागला तेव्हा आजोबा-नात तयारीनं बसले. आबारावांनी तोवर त्या जनावरांना नावंही ठेवली होती. पराला कातरा असलेली ती कातरी. अंगावर ओरखडे असलेली, राखेच्या रंगाची ती भुरी. एक तिसरीच मधून मधून यायची, ती आबारावांना जिवंतच वाटेना. तिची शेपटी खालीवर हलत होती आणि कातरीची, भुरीची डावी-उजवीकडे. शालूनं मोबाइलमध्ये शोधून सांगितलं की माशाची शेपूट आडवीच हलते, खालीवर हलते ती डॉल्फिनची. म्हणजे हा शार्क कॉम्प्युटरवर काढणाऱ्यानं शेपूट भलत्याची लावली. आबाराव खूश झाले. मग त्यांनी नायिकेच्या पायाची पट्टी पकडली. तराफ्यावर उजव्या पोटरीला बांधलेली पट्टी पाण्यात पडल्यावर डाव्या पायावर आली होती. शार्क सिंहासारखा डरकाळी फोडत होता. शालू म्हणाली, त्याला आवाज काढायला घशात काही नसतंच. तो सरळ मागे मागे पोहत गेला, तेही खोटं निघालं.

सुगंधाबाई दळण निवडत बसल्या होत्या. आपलं तिकडं लक्ष नाही असं त्या दाखवत होत्या. पण नायिका पाण्यातून वर आली, पुढच्याच क्षणाला वाऱ्यावर तिचे केस भुरभुर उडायला लागले, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“एवढ्या जल्दी केस वाळतेत व्हय कुणाचे?” त्या म्हणाल्या. “मी नाह्यले तर दुपार कलेपर्यंत बसावं लागतं उनात.”

बेबीनंदा पदर तोंडाला लावून हसली. शालूनं टाळी दिली नाही इतकंच. आजीनं स्वतःच्या तोंडानं एक चूक काढली होती.

आबाराव मात्र कातरीपाशी अडकून पडले होते. पिक्चर संपल्यावर त्यांनी बायकोला गंभीरपणे सांगितलं की भ्यायचं काही कारण नाही, ही पाळीव आहे. सुगंधाबाईंनी सूप खाली ठेवलं. आबारावांचा हिशेब सरळ होता. धनगर आपापल्या मेंढरांच्या कानाला आपापल्या पद्धतीनं कातरा मारतो, म्हणजे दोन कळप एकत्र मिसळले तरी कुणाची कोणती ते कळतं. “कातरा हाय म्हणजे मालक हाय,” ते म्हणाले. “कुणीतरी निशाणी केल्याली हाय तिला.” शालू हसून लोळायची बाकी राहिली. समुद्रात शार्क कोण राखतो, ती म्हणाली, तो कातरा कुठंतरी झटापटीत पडला असेल. पण मग तिनं पुन्हा मोबाइल उघडला आणि वाचता वाचता तिचं हसू बदललं. समुद्रात फिरून शार्कचा अभ्यास करणारे लोक खरोखर त्याच्या पाठीवरच्या पराचे कातरेच बघतात, त्याचे फोटो काढून ठेवतात आणि वर्षांनी तोच शार्क फिरून दिसला की ओळखतात, असं तिथं लिहिलं होतं. तिनं ते आबांना वाचून दाखवलं.

निशाणी कुणी केली नाही हे कळून आबाराव जरा हिरमुसले होते, पण दुसरी गोष्ट त्यांना त्याहून मोठी वाटली. “म्हंजे तिकडंबी आपल्यासारखे लोक हायेत,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना समुद्र परका वाटेनासा झाला.

सुगंधाबाई एवढ्यावर विरघळणाऱ्या नव्हत्या. शालूनं त्यांना सांगून पाहिलं की कोकणात उलट माणसंच शार्क खातात, लहान शार्कला तिथं मुशी म्हणतात आणि ती बाजारात विकायला येते. यानं आजीची भीती जाईल असं तिला वाटलं होतं. आजीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, लेकरू बाजारात आलं म्हणजे त्याची आई मागं समुद्रात आहेच की. जन्मभर कोकरांमागे ओरडत येणाऱ्या मेंढ्या बघितलेल्या बाईला शालू काय सांगणार?

रविवारी शिवशंकर सुट्टीला घरी आला. मुदत संपायला आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिवस उरले होते. दुपारी जेवणं झाली आणि चॅनलनं इमानानं पुन्हा तोच पिक्चर लावला. या खेपेला सगळं घर बसलं. शिवशंकर आईच्या शेजारी अंग चोरून बसला, कारण आज काहीतरी ठरणार हे त्यालाही कळत होतं.

आबाराव बोलत राहिले. कातरी गेली, भुरी आली. पट्टी बदलली. पोट बघा, ते म्हणाले, एवढी माणसं खाल्ली तरी पोट जागच्या जागी. रानातले लांडगे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. लांडगा पाळत ठेवतो, पण राग धरत नाही, पोट भरलं की आठवडाभर तोंड दाखवत नाही. आणि मग पिक्चरमध्ये शार्क तराफ्याखालून पोट वर करून गेला, तेव्हा आबाराव एकदम पुढे सरकले. मागच्या परांपाशी दोन लांबट काहीतरी लोंबत होतं. मेंढरांच्या बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला तिकडं आधी बघायची सवय असते.

“अरे, हा तर नर हाय,” ते म्हणाले. “ह्याला कुठलं आलं पिल्लू?”

बेबीनंदा चटकन उठून चुलीकडे गेली. शिवशंकरनं छताकडे पाहिलं. शालूनं मात्र लाजबीज काही न धरता मोबाइलमध्ये चित्र काढलं आणि तोंडावर हात ठेवला. “आबा, बराबर हाय. नरालाच असतेत ते.” पिल्लासाठी सूड घेत फिरणारी आई पोटाखालून बाप निघाली होती. शिवशंकरला हसू आवरेना. हसता हसता शालूनं आणखी एक सांगितलं. मादी असती तरी काही फरक पडला नसता. मादी शार्क पिल्लू जन्माला घालते आणि निघून जाते. पिल्लू त्याच्या वाटेनं जातं, आई तिच्या. पुढं समोर आलं तरी ती त्याला ओळखत नाही.

सुगंधाबाईंनी हे ऐकलं आणि त्या हसल्या नाहीत.

“वळखत न्हाई?”

“बिलकुल न्हाई, आज्जी.”

पिक्चर संपत आला होता. हेलिकॉप्टर आलं, दोर खाली सोडला, नायिका वर ओढली गेली, तिनं समुद्राकडे एकदा पाहिलं आणि पाटी आली. सुगंधाबाई पाटीकडे बघत बसल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“एवढ्या चुका काढल्या तुम्ही. मोठी चूक दिसली न्हाई तुम्हाला.”

“कोणती?”

“ही पोरगी एवढ्या संकटात हाय. मरता मरता वाचली. साऱ्या पिच्चरात तिच्या घरून एक फोन न्हाई. कोणी इचारलं न्हाई, जेवली का, कुठं हाय, कधी येती. माशाला लेकराची आठवण दिली, आन् त्या पोरीला घरचं कोणीच दिलं न्हाई. असं असतं व्हय?”

टीव्हीवर कसल्याशा साबणाची जाहिरात लागली. ती कुणी बंद केली नाही. सुगंधाबाईंचा आवाज आता खाली आला होता. त्या शिवशंकरकडे न बघता बोलत होत्या, पण बोलणं त्याच्यावरूनच होतं. “हा जालन्याला गेला. जालन्यात कुठं शार्क हाय? तरी पोरगा आठ दिवसाला एकदा दिसतो, आन् फोन मीच लावते. ही तर तिकडं पार टोकाला चाललीय.”

शिवशंकरनं मान खाली घातली. आबारावांना वाटलं, आपण इतके दिवस भलत्याच कळपावर नजर ठेवून होतो. बायको शार्कला भीत होती हे खरं, पण शार्क तिला बरा पडला होता. घर रिकामं होण्याची भीती तोंडानं सांगता येत नाही, शार्कची सांगता येते. आणि खरं बोलायचं तर त्यांच्याही पोटात ती भीती होतीच. प्रत्येक चूक पकडली की नात आनंदानं उजळायची, आणि त्या प्रत्येक चुकीबरोबर ती घरापासून एक पाऊल लांब जात होती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते कळत असूनही त्यांनी एकही चूक लपवली नव्हती.

“सुगंधा,” ते म्हणाले. चारचौघांत ते बायकोला नावानं हाक मारत नसत. “त्या पोरीला घरचं कोणी दिलं न्हाई, ती पिच्चरवाल्याची चूक. आपण कामून करायची? हिला हायेत की घरचे. आपण लावू फोन.”

सुगंधाबाई उठून आत गेल्या. आत डब्यांची झाकणं उघडल्याचे, लावल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. शालू गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण आजी जे बोलली ते तिला लागलं होतं, आणि तरीही तिला समुद्र हवाच होता. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा माणसानं काय करायचं, हे तिला अठराव्या वर्षी कुठून माहीत असणार?

सुगंधाबाई बाहेर आल्या त्या शिवशंकरसमोर उभ्या राहिल्या. “सुट्टी टाक. तू सोबत जा. हॉस्टेलच्या खिडकीला गज हायेत का, ते बघ. पाण्यापासून किती लांब हाय, ते बघ. आन् मेसवाल्या बाईचा नंबर घेऊन ये मला.”

त्यांनी होकार दिला तो असा. बेबीनंदा चुलीपाशीच रडली आणि मग भराभर पीठ मळायला लागली.

जायच्या दिवशी सुगंधाबाई हसनाबादच्या स्टँडवर गेल्या नाहीत. त्यांनी सकाळी शालूला पुढ्यात बसवून चपचपीत तेल लावलं, घट्ट वेणी घातली आणि वेणी घालताना एवढंच बजावलं की ओले केस बांधायचे नाहीत, सर्दी होते. शालूनं पाया पडल्यावर त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि त्या आत निघून गेल्या. आबाराव एसटीपर्यंत गेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते उभे होते. परतताना शेततळ्यावरून आले. पाण्यावर मासे तोंड वर काढत होते. खिशात काहीच नव्हतं, म्हणून ते तसेच पुढं निघाले.

त्या संध्याकाळी शेळ्या दारात आल्या, आबारावांनी त्यांना खुंट्यांना बांधलं आणि ते थांबले. चुलीकडून प्रश्न आला नाही. त्यांना वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या संध्याकाळीही प्रश्न आला नाही, तिसऱ्याही. एवढ्या वर्षांत, भर पावसात, आजारपणात, शिवशंकरच्या जन्माच्या दिवशीसुद्धा तो प्रश्न चुकला नव्हता. आबारावांनी आपणहून उत्तर दिलं नाही. काय देणार? उत्तर दोघांनाही माहीत होतं.

शालूचा फोन रोज यायचा. एखाद्या दिवशी उशीर झाला तर सुगंधाबाई मेसवाल्या बाईला लावायच्या. त्या दोघींची चांगलीच गट्टी जमली होती. एकदा दुपार कलताना व्हिडिओ कॉल आला. बेबीनंदानं फोन सासूसासऱ्यांच्या मधे धरला. मागं समुद्र होता. शालू वाळूत उभी होती, कपडे ओले, वेणी सुटलेली, आणि एकदम बोलत होती. सर लोकांनी किनाऱ्यावर आणलं होतं, शिंपले ओळखायला, आणि एका लाटेनं सगळ्यांना भिजवलं होतं. आणि सकाळी कॉलेजात मुशी दाखवली होती, हातभर, ताटात ठेवलेली.

“आबा, मी समद्यांच्या आधी सांगितलं, नर हाय म्हणून. सर म्हणले, तुला कोणी शिकवलं?”

“मंग काय सांगितलं?”

“सांगितलं, आबानं.”

आबाराव हसले. ते तिच्या मागच्या पाण्याकडे बघत होते. पिक्चरमधल्यासारखं ते निळं नव्हतं, मातकट होतं, आणि लाटेमागून लाट येत होती, एकसारखी एकही नाही. असं पाणी तासन्‌तास बघत बसलो तर एकेक लाट ओळखायला येईल का, असं त्यांच्या मनात आलं. सुगंधाबाईंचं लक्ष पाण्याकडं नव्हतंच. त्या फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन नातीकडे निरखून बघत होत्या. शालू कितीतरी वेळ बोलली, वारा भणाणत होता, तरी तिच्या कपाळावरून, वेणीच्या टोकावरून पाणी निथळतच होतं. केस काही वाळले नव्हते.

“केस पूस आधी,” त्या म्हणाल्या. “आन् मंग बोल.”

शालूनं ओढणीनं केस पुसले, त्या बघत असताना पुसले, आणि मग कॉल बंद झाला. बेबीनंदानं फोन चार्जिंगला लावला. सुगंधाबाई चुलीपाशी गेल्या. सूर्य खाली आला, शेळ्या वाटेवरची धूळ उडवत दारात शिरल्या, आणि आबाराव त्यांना बांधायला वाकले.

“आले का समदे?”

आबाराव सरळ झाले. त्यांनी नेहमीसारखी एक नजर फिरवली. शेळ्या होत्या, करडू आईच्या पोटाखाली घुसलं होतं, कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या, सून दारात दिवा लावत होती. भिंतीवर शालूच्या दप्तराची खुंटी होती, तिच्याखाली फोनचा लाल दिवा बारीक लुकलुकत होता. नजर तिथं थोडी थांबली.

“आले,” ते म्हणाले.